चोवीस पुस्तकांचा हिशेब

मैत्रिणींनो, सप्टेंबर संपला. वर्षाचे तीनच महिने उरले. अशा वेळी आपण बायका मनातल्या मनात हिशेब मांडायला लागतोच. दिवाळीला किती लागतील, मुलांची फी कधी भरायची, भिशीचा नंबर आपल्याला आधी लागेल की नंतर. यंदा माझ्या हिशेबाच्या वहीत आणखी एक पान आहे. त्यावर ठळक लिहिलंय, ‘पुस्तकं २४’. आणि त्याखाली आजपर्यंत १७ ओळी भरल्या आहेत.

झालं असं, की जानेवारीत आमच्या भिशीतल्या आठ जणींनी मिळून एक पण केला. वर्षभरात प्रत्येकीनं २४ पुस्तकं वाचायची. म्हणजे महिन्याला दोन. वहीत चार रकाने आखायचे. पुस्तकाचं नाव, कधी सुरू केलं, कधी संपलं आणि शेवटचा रकाना ‘मत’. दर महिन्याच्या भिशीला चहा-पोह्यांबरोबर वह्याही उघडायच्या. अट एकच. मताच्या रकान्यात नुसतं ‘छान आहे’ लिहायचं नाही. का छान आहे, नाहीतर का नाही, ते निदान चार ओळीत लिहायचं.

हे कळल्यावर पहिला प्रश्न आला तो घरातूनच. ‘वाचन म्हणजे काय शर्यत आहे का?’ प्रश्न चुकीचा नाही. पुस्तक आनंदासाठी वाचावं, आकड्यासाठी नाही, हे मलाही मान्य आहे. पण ज्यांना वाचायला वेळ मागावा लागत नाही, त्यांनी हे म्हणणं सोपं आहे. आपल्या घरात कुठल्या कामाला किंमत असते, सांगा बरं? ज्याचा हिशेब असतो त्याला. पापड किती लाटले, लोणचं किती बरण्या झालं, याला आकडा असतो म्हणून ते काम. वाचनाला आकडा नाही, म्हणून ते रिकामपण! ‘जरा पुस्तक ठेव आणि दाराकडे बघ’ हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई मला तरी अजून भेटलेली नाही.

त्यातही भेद आहे. सकाळी आंघोळ करून पोथी घेऊन बसलं, तर कुणी हाक मारत नाही. उलट लहान मुलांना दटावतात, ‘आजी वाचतेय, गडबड करू नका.’ तीच बाई दुपारी कादंबरी घेऊन बसली, की घरातल्या प्रत्येकाला नेमका तेव्हाच चहा हवा असतो. रोजच्या पेपरचंही तेच. आधी तो पुरुषांच्या हातातून फिरणार, मग मुलं क्रिकेटचं पान नेणार आणि आपल्यापर्यंत येणार दुपारी, भाजी निवडायच्या वेळी. ही पुरवणीसुद्धा तुमच्यातल्या कितीतरी जणी मेथीच्या जुडीशेजारीच वाचत असतील! २४ हा आकडा आम्हाला उपयोगी पडला तो इथे. ‘माझी या महिन्याची दोन व्हायची आहेत’ असं म्हटलं, की घरातल्यांना ते काम वाटायला लागलं. वेळ मिळाला तो त्या आकड्यामुळे.

आता प्रगतीपुस्तक. जानेवारी-फेब्रुवारीत उत्साह होता, पाच पुस्तकं झाली. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा, तरी दोन. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, कुरडया, सांडगे, माहेरपणाला आलेल्या नणंदा. दोन महिन्यांत मिळून एक! जून ते ऑगस्ट पावसानं साथ दिली, आठ झाली. सप्टेंबरात कसंबसं एक. आठ जणींच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा एक गंमत दिसली. सगळ्यांचे रिकामे दिवस तेच. गौरी-गणपतीच्या आठवड्यात आठही वह्या कोऱ्या! सण घराचा असतो, पण राबतं कोण, हे सांगायला आणखी वेगळा पुरावा नको.

पहिलं पुस्तक मी मुद्दाम रमाबाई रानडे यांचं घेतलं, ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. १९१० साली प्रसिद्ध झालेलं. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या या मुलीला न्यायमूर्ती रानड्यांनी शिकवलं आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यासाठी तिला किती बोलून घेतलं, हे वाचताना अंगावर काटा येतो. शिकवणारा पुरुष आणि अडवणाऱ्या बायका! पण माझ्या मताच्या रकान्यात मी आणखी एक लिहिलंय. नाव ‘आमच्या आयुष्यातील’, पण पानोपानी आयुष्य आहे ते ‘त्यांचं’. न्यायमूर्ती १९०१ साली गेले आणि पुस्तकही तिथेच थांबतं. त्यानंतर पुण्याच्या सेवासदनासारखं केवढं तरी काम रमाबाईंनी उभं केलं, ते या आठवणींत नाही. एवढ्या कर्तबगार बाईला स्वतःचं आयुष्य सांगण्याजोगं वाटलं नाही का? या प्रश्नावर आमचा अख्खा एक तास गेला.

त्याच्या पाठोपाठ लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलं, पहिला भाग १९३४ सालचा. केवढा फरक! लक्ष्मीबाईंनाही लग्नानंतरच अक्षरओळख झाली, तीही नवऱ्याकडून, भांडत-तंडत. नवरा कवी, शीघ्रकोपी, कधी घरातून निघून जाईल याचा नेम नाही. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. कित्येक वर्षं वेगळं राहणं आलं. पण पुस्तकात रडगाणं नाही. स्वतःवर हसतात, नवऱ्यावर हसतात आणि हसता हसता असं काही सांगून जातात, की आपण पान उलटायचं विसरतो. आमच्यातल्या एकीनं लिहिलं, ‘ही बाई माझ्या आत्यासारखी बोलते.’ एवढं नेमकं मत मला नाही सुचलं!

मग एक पेच उभा राहिला. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक हातात आलं. अगदी पातळ. आठ जणींत लगेच वाद, हे एक धरायचं का अर्धं? १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला. तिला आधी फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. पण त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून सगळ्याच बायकांना नावं ठेवली गेली. बुलढाण्याच्या ताराबाई भडकल्या आणि १८८२ मध्ये त्यांनी हे पुस्तक छापलं. बायकांना जे दोष लावता ते तुमच्यात नाहीत का, असं त्यांनी पुरुषांना रोखठोक विचारलं. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, पण नंतर पुस्तक विस्मरणातच गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं. जुनी भाषा, लांबलचक वाक्यं, मला तीन आठवडे लागले. शेवटी आम्ही ठरवलं, पुस्तक पानांवर मोजायचं नाही, एक म्हणजे एक.

जाडजूड पुस्तकाची गोष्ट उलटी. ‘मृत्युंजय’ मी कॉलेजात असताना रात्र रात्र जागून वाचलं होतं. शिवाजी सावंतांची १९६७ सालची ही कादंबरी, कर्णासाठी उशी भिजवली नाही अशी आमच्या पिढीत कोण असेल? यंदा पुन्हा वाचली. कर्णाचं दुःख आजही भिडतं. पण शब्दांचे दागिने आता जरा जड वाटले. आणि एक गोष्ट तेव्हा कधी जाणवलीच नव्हती. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, श्रीकृष्ण, सहा जण आपापली कहाणी सांगतात. द्रौपदीला मात्र स्वतःचं म्हणणं मांडायला एकही प्रकरण नाही! भर सभेत जिची विटंबना झाली तिची बाजू आपण दुसऱ्यांच्या तोंडूनच ऐकायची? विशीत हे दिसलं नव्हतं. पुस्तक तेच आहे, वाचणारीचं वय वाढलंय. म्हणून सांगते, एकदा वाचलेलं पुन्हा वाचलं तरी ते नवं धरा.

सगळ्यात जास्त वाद झाला तो सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’वर. १९९० साली ते आलं तेव्हाही महाराष्ट्रात गदारोळ झाला होता. पु. लं.सारख्या लाडक्या माणसाबद्दल त्यांच्या बायकोनं असं लिहावं? आमच्यात उभे दोन तट पडले. एक म्हणाली, ‘घरातलं घरात ठेवावं. चार लोकांत कशाला?’ दुसरी म्हणाली, ‘अहो, त्यांनी स्वतःला तरी कुठे सोडलंय? स्वतःच्या हट्टीपणावरही लिहिलंयच की.’ माझं मत दुसरीच्या बाजूनं. तक्रार करणं वेगळं आणि तपासणं वेगळं. सुनीताबाई संसार तपासतात. पण पहिलीचं म्हणणंही मी वहीत उतरवून ठेवलंय, कारण आपल्या गावांत शंभरातल्या नव्वद घरांत तेच बोललं जातं.

आणि एका पुस्तकानं मला गप्प केलं. बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. फलटणच्या या बाईंनी महारवाड्यातलं जिणं लिहिलं, विशेषतः बायकांचं. बाहेरच्या जगानं केलेला छळ आणि घरातल्यांनी केलेला छळ, दोन्ही. छोटंसं दुकान चालवता चालवता त्या वाचत आणि लिहीत. आणि लिहिलेलं किती वर्षं तरी घरच्यांपासून लपवून ठेवत. पुढे मॅक्सीन बर्नसन यांनी आग्रह धरला म्हणून ते ‘स्त्री’ मासिकात १९८२ मध्ये क्रमशः आलं आणि मग पुस्तक झालं. विचार करा, मुंबई-पुण्यात नाही, फलटणसारख्या गावात, दुकानाच्या गल्ल्यावर बसून हे लिहिलं गेलं. ‘आमच्या गावात काय होणार’ म्हणायची सोयच ठेवली नाही त्यांनी. वाचून झाल्यावर माझ्या रकान्यात एकच ओळ होती, ‘मी ज्या महाराष्ट्रात वाढले, तो अर्धाच होता.’

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. कविता महाजन यांची ‘ब्र’ ही २००५ ची कादंबरी आदिवासी भागातल्या सरपंच बायकांवर आहे. मध्ये मध्ये माहितीचा भार होतो, पण आपल्या राज्यात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या झाल्यात, तेव्हा प्रत्येक सदस्य बाईनं वाचावी अशी आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ दोन दुपारींत संपली आणि दुष्काळात ओस पडलेली ती वाडी आठवडाभर डोळ्यांपुढून हलली नाही. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ मुलीबरोबर वाचलं. गुलामीत जन्मलेला मुलगा केवढा मोठा शास्त्रज्ञ होतो! लेकीचं मत मात्र असं, ‘आई, त्याला कधी रागच येत नाही का?’ तिलाही वही आणून दिली.

दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ अजून मोजलेलं नाही. चैत्रापासून एकेका महिन्यावर एकेक लेख आहे, म्हणून मी ज्या त्या महिन्यात तो तो वाचते. ते संपणार फाल्गुनात, आमचा पण संपणार डिसेंबरात. चालेल! आणि एक पुस्तक, ‘श्रीमंत व्हा’ छापाचं, साठाव्या पानावर बंद केलं. मताच्या रकान्यात कारण लिहिलं, ‘लेखकाच्या घरात स्वयंपाक कोण करतं, ते कुठेच लिहिलेलं नाही.’ पुस्तक अर्धवट सोडायचाही आपल्याला हक्क आहे, ताटात वाढलेलं संपवण्याची सवय इथेही आणायला नको.

आता मुद्द्याचं बोलते. नऊ महिन्यांनंतर मला वाटतं, या सगळ्यात २४ हा आकडा कामाचा होता, पण मोलाचा ठरला तो चौथा रकाना. सुरुवातीला सगळ्या जणी अडायच्या. ‘मला काय कळतंय त्यातलं?’ ‘तुम्ही सांगा, मी लिहिते.’ वर्षानुवर्षं आपण भाजी कोणती करू इथपासून मुलीचं स्थळ कसं वाटलं इथपर्यंत, सगळीकडे ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणत आलोय. मत विचारलं, की जीभ जड होते. पुस्तकाचं बरं असतं. त्याला आवडलं नाही म्हटलं तर ते रुसत नाही, घर सोडून जात नाही, माहेर काढत नाही. मत मांडायची सवय करायला त्याच्याइतकी बिनधोक जागा नाही.

आमच्यातली एक जण, शिवणकाम करते. पहिले चार महिने तिच्या रकान्यात ‘बरं आहे’ याच्या पुढे काही नसायचं. जुलैमध्ये तिच्या मुलीचं बारावीनंतरचं शिक्षण थांबवायचं घरात ठरलं. ही सगळ्यांसमोर म्हणाली, ‘मला हे पटत नाही. आणि का पटत नाही ते सांगते.’ मुलगी आज रोज एसटीनं तालुक्याच्या कॉलेजात जाते. पुस्तकामुळे हे झालं असा माझा दावा नाही. ती मुळात खंबीरच आहे. पण ‘का पटत नाही’ हे नीट मांडायचा सराव तिनं कुठे केला, ते आम्ही सात जणींनी पाहिलंय.

एक अडचण मात्र सगळीकडची आहे, म्हणून लिहायलाच हवी. महाराष्ट्राला वाचनालयांची जुनी परंपरा. रत्नागिरीचं १८२८ सालचं, कल्याणचं १८६४ चं. १९६७ मध्ये ग्रंथालयांचा कायदाही झाला, गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं. पण ती उघडी केव्हा असतात? आमच्या गावातलं सकाळी ८ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ८. म्हणजे डब्यांची वेळ आणि स्वयंपाकाची वेळ! शिवाय आम्हा आठ जणींपैकी सहा जणींच्या घरचं कार्ड नवऱ्याच्या नावावर. पुस्तक बदलून आणणार ते, म्हणजे निवडणारही तेच. आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, प्रत्येकीनं स्वतःच्या नावाचं कार्ड काढलं. दुसरी, आठ सह्यांचा अर्ज दिला, की आठवड्यातून एक दुपार बायकांसाठी वाचनालय उघडं ठेवा. दोन महिने ‘बघू’ चाललं. आता दर शनिवारी दुपारी २ ते ४ उघडतं, आमच्यातल्या एकीनं आळीपाळीनं टेबलावर बसायचं या बोलीवर. हे तुमच्या गावातही होऊ शकतं. मागायला हवं.

आणि वाचनालय जवळ नसेल तर? पुस्तकांची भिशी लावा. दहा जणींनी महिन्याला शंभर रुपये काढले, की हजार होतात. ज्या महिन्यात जिचा नंबर, तिनं त्यातून स्वतःच्या आवडीची तीन-चार पुस्तकं घ्यायची. सगळ्यांची वाचून झाली, की ती तिच्या घरी राहतील. दहा महिन्यांत तीस-पस्तीस पुस्तकं वाचून होतात आणि दहा घरांत दहा छोटी कपाटं तयार होतात. नातेवाईक, आवड, वय, कशाचीही अट नको. सासू-सुना एकत्र असतील तर फारच उत्तम, वादाला रंग चढतो!

माझी सात पुस्तकं अजून राहिलीत. दिवाळीचा फराळ मध्ये आहे, पाहुणे आहेत, थंडीत लवकर मिटणारे डोळे आहेत. २४ होतील का, सांगता येत नाही. वीस झाली तरी वही रिकामी नाही. तुम्ही मात्र जानेवारीची वाट बघू नका. २४ नको, दोन धरा. घरात जे असेल, मुलांच्या पाठ्यपुस्तकातला एखादा धडा का असेना, तो वाचा आणि त्याखाली स्वतःच्या हातानं चार ओळी लिहा. फक्त ‘छान आहे’ लिहू नका. तुम्हाला काय वाटलं, ते लिहा.